इन्सुलिन पंप की दिवसाला चार इंजेक्शनं: टाइप १ असलेल्या मुलीसाठी कसं ठरवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी ११ वर्षांची, वजन ३४ किलो, टाइप १ मधुमेह होऊन ४ वर्षं झाली. रात्री ग्लार्जिन (दिवसभर हळूहळू चालणारं इन्सुलिन) १४ युनिट आणि तीन जेवणांना मिळून जलद इन्सुलिन साधारण १४ युनिट. एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी) ८.६. सकाळी उठल्यावर साखर २२० ते २५०, दुपारी शाळेत अधूनमधून ६० च्या खाली. पंप घेतला तर हे सुटेल का? आणि इंजेक्शनांवरच ठेवलं तर आपण तिचं नुकसान करतोय का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तोच आईवडिलांच्या मनाला जास्त लागलेला असतो. नाही, नुकसान करत नाही. टाइप १ मध्ये साखर काटेकोर सांभाळल्याने डोळे, मूत्रपिंडं आणि नसा वाचतात हे ज्या अमेरिकन अभ्यासाने पक्कं केलं, त्या १९९३ सालच्या डीसीसीटीमध्ये काटेकोर उपचारांच्या गटातले काही जण पंपावर होते आणि बाकीचे दिवसाला तीन किंवा जास्त इंजेक्शनं घेणारे होते. त्यांचं एचबीए१सी ७ च्या आसपास राहिलं, नेहमीच्या उपचारांच्या गटाचं ९ च्या आसपास. आधी डोळे चांगले असलेल्यांमध्ये दृष्टिपटल बिघडण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. हा फायदा साखर आवाक्यात ठेवल्याचा होता. पुढे २०१७ साली ब्रिटनमधला रिपोज नावाचा अभ्यास आला. त्यात पंपवाले आणि इंजेक्शनवाले, दोन्ही गटांतल्या प्रौढांना कर्बोदकं मोजून डोस ठरवण्याचं सारखंच प्रशिक्षण दिलं होतं. दोन वर्षांनी दोन्ही गट सुधारले होते, आणि त्यांच्यातला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठोस म्हणावा इतका नव्हता. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आधी कर्बोदकं मोजायला शिका, सेन्सर (कातडीवर बसून सतत साखर मोजणारं छोटं यंत्र) लावा, टोचण्याच्या जागा तपासा. मग पंपाचा विचार करा. सेन्सरशी जोडलेले नवे स्वयंचलित पंप मात्र या अभ्यासाच्या वेळचे नाहीत. त्यांच्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

पंप करतो काय, हे नीट समजलं की निम्मे गैरसमज जातात. पंपात एकच इन्सुलिन असतं, जलद काम करणारं: लिस्प्रो, अस्पार्ट किंवा ग्लुलिसिन. ग्लार्जिन पूर्ण बंद होतं. पंप तेच जलद इन्सुलिन दिवसरात्र अगदी थोडं थोडं सोडतो, त्याला बेसल म्हणतात. जेवताना बटण दाबून एकदम द्यायचा डोस म्हणजे बोलस. साधा पंप साखर पाहत नाही आणि मुलीने काय खाल्लं हेही त्याला कळत नाही. तुम्ही सांगाल तेवढंच तो देतो.

मग फायदा कुठे? तुमच्या मुलीच्या सकाळच्या साखरेत असू शकतो. पहाटे ३ नंतर शरीरात वाढीचं संप्रेरक आणि कॉर्टिसॉल यांचा जोर वाढतो आणि यकृत रक्तात साखर सोडतं. वयात येण्याच्या काळात हे जास्तच होतं. ग्लार्जिन रात्रभर जवळपास एकसारखं चालतं. पहाटेची साखर उतरवायची म्हणून ते १४ चं १६ केलं, तर रात्री १-२ वाजता साखर ६० वर येऊ शकते. पंपात तासागणिक वेगळा वेग लावता येतो. तिच्यासाठी उदाहरण मांडतो. एकूण २८ युनिट आहेत. पंपावर जाताना ते साधारण १० ते २० टक्क्यांनी कमी करतात, म्हणजे २४ धरू. त्यातलं सुमारे १० युनिट बेसल. रात्री १२ ते ३ ताशी ०.३, पहाटे ३ ते ७ ताशी ०.५५, बाकी दिवसभर ताशी ०.४. बेरीज ९.९ येते. हे सुरुवातीचे आकडे आहेत. खरे आकडे तिच्या नोंदींवरून तिचे डॉक्टर ठरवतील.

पण सकाळी साखर जास्त म्हणजे पहाटेचंच कारण, असं धरून चालू नका. तीन वेगवेगळ्या रात्री १०, १, ३ आणि ६ वाजता साखर पाहा, किंवा १४ दिवसांचा सेन्सर लावा. ३ ला १३० आणि ६ ला २३० असेल तर पहाटेचा चढ खरा आहे, आणि पंप इथे उपयोगी पडेल. रात्री १० लाच २४० असेल तर रात्रीच्या जेवणाचा डोस कमी पडतोय, किंवा झोपताना दुधासोबत खाल्लेल्या बिस्किटांना इन्सुलिनच दिलेलं नाही. हे इंजेक्शनांवरही सुटतं. १ ला साखर ५५ पर्यंत जाऊन पुन्हा चढत असेल, तर ग्लार्जिन वाढवणं धोक्याचं आहे. पंपावर पैसे खर्च करण्याआधीची ही सगळ्यात महत्त्वाची चाचणी, आणि तिला फक्त थोडी झोप मोडावी लागते.

दुपारच्या कमी साखरेमागे बहुतेक वेळा एकावर एक पडलेले डोस किंवा खेळाचा तास असतो. जलद इन्सुलिनचा अंमल सुमारे ४ तास राहतो. साडेसहाला नाश्त्याचं इन्सुलिन, साडेनऊला डब्याचं, आणि साखर २०० दिसली म्हणून साडेदहाला आणखी २ युनिट असं झालं, की साडेबाराला ६० ठरलेलंच. अंगात अजून किती इन्सुलिन शिल्लक आहे याचा हिशेब पंप ठेवतो, त्यामुळे ही चूक तिथे कमी होते. खेळाच्या तासाआधी ६० ते ९० मिनिटं बेसल तात्पुरतं निम्म्यावर आणता येतं. इंजेक्शनांवर हा मार्ग नाही. तिथे खेळाआधीच्या जेवणाचा डोस पाव ते अर्धा कमी करायचा, किंवा मैदानात उतरण्याआधी १० ते १५ ग्रॅम कर्बोदकं द्यायची.

आता जेवणाकडे. पंप घ्या किंवा घेऊ नका, कर्बोदकं मोजल्याशिवाय गत्यंतर नाही. ३० ग्रॅम कोरड्या कणकेची पोळी (मळलेला गोळा याहून जड भरतो) म्हणजे साधारण २० ग्रॅम कर्बोदकं. वाटीभर, म्हणजे १५० ग्रॅम शिजलेला भात सुमारे ४०. कोरडा साबुदाणा ५० ग्रॅम घेतला तर ४३ च्या आसपास. उपवासाची खिचडी पोळीपेक्षा हलकी असते हा समज इथे महागात पडतो. घरात स्वयंपाकाचा छोटा वजनकाटा आणा आणि महिनाभर गोळा लाटण्याआधी तोलून पाहा. नंतर डोळ्यालाच अंदाज येतो. एका युनिटला किती ग्रॅम, हे काढायला सुरुवातीला ५०० ला दिवसाच्या एकूण युनिटांनी भागतात: ५०० भागिले २८, म्हणजे सुमारे १८ ग्रॅम. एका युनिटने साखर किती उतरेल यासाठी १८०० भागिले २८, म्हणजे साधारण ६५. मुलांना नाश्त्याला याहून जास्त इन्सुलिन लागतं, एका युनिटला १२-१४ ग्रॅमपर्यंतही. सकाळचं प्रमाण वेगळं काढा. आणि बोलस जेवणाआधी १५ मिनिटं द्या. ताट संपल्यावर दिलेल्या डोसला साखरेच्या मागे धावावं लागतं, मग तो पेनचा असो वा पंपाचा.

पुरणपोळीवर तूप, तळलेले मोदक, पनीर असं जेवण असेल तर स्निग्ध पदार्थांमुळे साखर उशिरा चढते आणि ४-५ तास चढत राहते. पंपात डोस वाटून देता येतो: उदाहरणार्थ ६० टक्के लगेच आणि ४० टक्के पुढच्या दोन-तीन तासांत. पेनवर हेच करायचं तर दोनदा टोचावं लागतं. सणावाराच्या घरात हा फायदा खरा आहे.

आता धोक्याबद्दल. यावर जरा थांबून लिहितो, कारण पंप विकताना याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. ग्लार्जिन घेणाऱ्या मुलीचं एखादं जेवणाचं इंजेक्शन राहिलं तर साखर चढते, पण अंगात थोडंफार इन्सुलिन असतंच. पंपावरच्या मुलीच्या अंगात असा साठा नसतो. नळी बंद पडली की दोन-तीन तासांत साखर आणि कीटोन (इन्सुलिनअभावी चरबी जळून रक्तात साठणारी आम्लं) चढू लागतात. रात्री ११ ला बिघाड झाला तर सकाळपर्यंत उलट्या, पोटदुखी, खोल श्वास, म्हणजे कीटोअॅसिडोसिसची, रक्त आम्लधर्मी होण्याच्या जीवघेण्या अवस्थेची सुरुवात. बिघाडाची कारणं साधीच असतात: कातडीखालची मऊ कॅन्युला (इन्सुलिन आत सोडणारी बारीक नळी) दुमडणं, घामाने चिकटपट्टी सुटून ती अर्धी बाहेर येणं, नळीत हवेचा बुडबुडा, अंघोळीनंतर जोडणी नीट न बसणं, पुन्हापुन्हा टोचून झालेल्या जुन्या गाठीत कॅन्युला घालणं, उन्हात इन्सुलिन खराब होणं. आणि अलार्मवर भिस्त ठेवू नका. नळी तुंबल्याचा अलार्म आत दाब वाढल्यावरच वाजतो. ताशी ०.४ युनिट इतक्या कमी वेगाला तेवढा दाब साठायला कित्येक तास लागतात. कॅन्युला बाहेर येऊन इन्सुलिन कपड्यात झिरपत असेल तर दाब वाढतच नाही, म्हणून अलार्मही वाजत नाही.

म्हणून एक नियम घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा. साखर २५० च्या वर आणि कारण कळत नाही: आधी कीटोन पाहा. रक्तातले कीटोन ०.६ (मिलिमोल प्रति लिटर) पेक्षा कमी असतील तर पंपातून दुरुस्तीचा, म्हणजे चढलेली साखर उतरवायचा डोस द्या आणि तासाभराने साखर पुन्हा पाहा. उतरली नाही तर पंपावर विश्वास ठेवू नका. दुरुस्तीचा डोस पेनने टोचा, इन्फ्यूजन सेट (नळी आणि कॅन्युला) पूर्ण बदला, पाणी भरपूर पाजा. पंपात आधी दिलेला डोस अंगात गेलाच नसेल अशी शक्यता असली तरी तो थोडाफार गेलेला असू शकतो, म्हणून पुढचे काही तास दर तासाला साखर बघत राहा. कीटोन ०.६ ते १.५ असतील तर वाट न पाहता लगेच पेन आणि नवा सेट. १.५ च्या वर असतील तर हेच करून डॉक्टरांना लगेच फोन. जादा डोस किती, हे त्यांनी आधीच कागदावर लिहून दिलेलं असावं. ३ च्या वर, किंवा उलट्या थांबत नसतील, तर थेट रुग्णालय. लघवीतले कीटोन पाहायच्या पट्ट्या स्वस्त असतात, पण त्या काही तासांपूर्वीची स्थिती दाखवतात.

सेट बदलण्यातही हात बसावा लागतो. मऊ कॅन्युलाचा सेट २ ते ३ दिवसांनी, स्टीलच्या सुईचा २ दिवसांनी. इन्सुलिन फ्रिजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. थंड इन्सुलिन भरलं तर ते गरम होताना त्यात बुडबुडे सुटतात. ०.०१ मिली बुडबुडा म्हणजे १ युनिट, तिच्यासाठी जवळपास अडीच तासांचं बेसल. रिझर्व्हॉयर (पंपातली इन्सुलिनची कुपी) सावकाश भरा, टिचक्या मारून बुडबुडे वर आणा आणि बाहेर ढकला. नळीच्या टोकाला थेंब दिसेपर्यंत नळी भरा, आणि त्या वेळी नळी अंगाला जोडलेली नसेल हे दोनदा पाहा, नाहीतर ते सगळं इन्सुलिन तिच्या अंगात जाईल. स्पिरिटने पुसलेली कातडी पूर्ण वाळू द्या. कॅन्युला बसवल्यावर तिच्यातली पोकळी भरायला थोडं इन्सुलिन लागतं, ६ मिमीच्या कॅन्युलाला बहुतेक सेटमध्ये ०.३ युनिट, तुमच्या सेटच्या माहितीपत्रकात आकडा असतो. बदल सकाळी किंवा जेवणाआधी करा, झोपताना कधीच नाही. दोन तासांनी साखर पाहिल्याशिवाय सेट बसला असं समजू नका.

आपल्याकडे एक जास्तीची चूक होऊ शकते. औषधाच्या दुकानात मानवी इन्सुलिनच्या कित्येक बाटल्या ४० युनिट प्रति मिलीच्या असतात, आणि त्यांच्या सिरिंजला लाल टोपण असतं. पंप १०० युनिट प्रति मिली धरून चालतो. ४० ची बाटली भरली तर मुलीला ठरल्याच्या ४० टक्केच इन्सुलिन मिळेल आणि पंपाला त्याचा पत्ताही लागणार नाही. बाटलीवरचं नाव आणि १०० हा आकडा, दोन्ही प्रत्येक वेळी वाचा.

उन्हाचंही तसंच. अंगालगतच्या पंपात इन्सुलिन ३७ अंशांच्या वर तापलं की त्याची ताकद जाऊ लागते. नागपूर-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात पंप कपड्यांच्या आत, सावलीत ठेवा, आणि साखर विनाकारण चढू लागली तर तीन दिवस पूर्ण व्हायची वाट न पाहता रिझर्व्हॉयर बदला. बंद गाडीत साठा ठेवू नका. न उघडलेला साठा २ ते ८ अंशांत राहू द्या. गोठलेलं इन्सुलिन फेकून द्या, वितळवून वापरू नका. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याच्या दमटपणात पट्ट्या सुटतात, वरून जादा चिकटपट्टी लागते. लोकलच्या गर्दीत नळी अडकून सेट उपटला जातो. नळी लहान घ्या आणि कपड्याच्या आतून न्या.

आता स्वयंचलित पंप. भारतात मिळणारा मिनिमेड ७८०जी सेन्सरच्या आकड्यांवरून दर ५ मिनिटांनी इन्सुलिन कमी-जास्त करतो आणि गरज पडली तर दुरुस्तीचा डोसही आपणहून देतो. त्याचं लक्ष्य १००, ११० किंवा १२० वर ठेवता येतं. रात्रीची साखर सांभाळण्यात असे पंप साध्या पंपापेक्षा आणि इंजेक्शनांपेक्षा खरोखर उजवे आहेत, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पंप घ्यायचाच असेल आणि ऐपत असेल तर असाच घ्या. पण जेवण त्यालाही सांगावंच लागतं. न सांगता खाल्लेल्या वडापावच्या मागे तोही धावतच राहतो. शिवाय साखर पडू लागली की तो आधीच इन्सुलिन थांबवतो, म्हणून कमी साखरेला १५ ग्रॅमऐवजी ५ ते १० ग्रॅम ग्लुकोज बहुतेक वेळा पुरतं. नेहमीचे तीन चमचे साखर दिली तर तासाभरात २२० दिसेल.

खर्चाचा हिशेब महिन्याचा करा. पंप एकदा घेतला जातो, पण महिन्याला १० ते १५ सेट, तेवढेच रिझर्व्हॉयर, सात दिवसांचे ४-५ सेन्सर, पट्ट्या आणि इन्सुलिन हे कायमचं आहे. पुढची ४-५ वर्षं हे झेपेल का, असं घरात बसून शांतपणे विचारा. झेपत नाही म्हणून एकच सेट ५-६ दिवस ठेवला, तर जागेवर सूज येते, इन्सुलिन नीट शोषलं जात नाही आणि एचबीए१सी पंपाआधीपेक्षा वाईट होतं. त्यापेक्षा चार इंजेक्शनं आणि सेन्सर ही जोडी कितीतरी सुरक्षित आहे, आणि बहुतेक घरांना मी आधी तीच सुचवेन. विमा कंपनीकडून काय मिळेल ते लेखी घ्या.

त्या जोडीतून पुरेपूर काम काढायचं तर हे करा. पोट आणि मांड्या बोटांनी दाबून गाठी शोधा. ४ वर्षं एकाच जागी टोचलं असेल तर गाठी सापडण्याची शक्यता बरीच असते, आणि तिथलं इन्सुलिन कधी उशिरा, कधी एकदम लागू होतं. निरोगी जागेवर जाताना डोस १० ते २० टक्के कमी करावा लागतो, नाहीतर साखर पडते. ४ मिमीची सुई वापरा, प्रत्येक वेळी नवी. तिला अर्ध्या युनिटचं पेन मिळवून द्या. ३४ किलोच्या मुलीत अर्धं युनिट साखर ३० ने हलवतं. पहाटेचा चढ तेवढाच प्रश्न उरला असेल तर ग्लार्जिनची वेळ बदलणं किंवा डेग्लुडेकवर (ग्लार्जिनहून जास्त काळ चालणाऱ्या इन्सुलिनवर) जाणं, याबद्दल डॉक्टरांशी बोला. तीन महिन्यांनी सेन्सरवर ७० ते १८० मधला वेळ पाहा: ७० टक्क्यांच्या वर, आणि ७० च्या खालचा ४ टक्क्यांपेक्षा कमी, हे उद्दिष्ट. एवढं सगळं करून पहाटेचा चढ किंवा रात्रीची पडणारी साखर राहिली, तर पंप घ्यायला ते ठोस कारण आहे. अगदी लहान बाळांना ०.१-०.२ युनिटचे डोस लागतात, काहींची साखर कळल्याशिवाय पडते. त्यांच्यासाठी मी एवढंही थांबायला सांगणार नाही.

मुलीला विचारा. अंगावर दिवसरात्र ते यंत्र तिला बाळगायचंय. कित्येक ठिकाणी नुसतं सलाईन भरून काही दिवस पंप लावून पाहता येतो. झोपताना, खेळताना, गणवेशात कसं वाटतं ते तिने ठरवू दे. शाळेत वर्गशिक्षिका आणि खेळाच्या शिक्षकांना एका पानाची सूचना द्या: कमी साखरेची लक्षणं, ग्लुकोज कुठे ठेवलंय, अलार्म वाजला तर कोणाला फोन. मोबाइल किंवा पंप वर्गात काढून घेऊ नये, हे त्यात ठळक लिहा. सीबीएसईने २०१७ पासून टाइप १ च्या विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत साखरेच्या गोळ्या, खाऊ आणि पाणी नेऊ दिलं आहे. राज्य मंडळाच्या शाळेत हीच विनंती वैद्यकीय दाखल्यासह आधी लेखी करा. पोहायला पंप काढला तर एका तासाहून जास्त बाजूला राहू नये. एमआरआयच्या वेळी पंप आणि सेन्सर दोन्ही खोलीबाहेर ठेवा.

पंप घेतलात तर घरात ग्लार्जिनचं आणि जलद इन्सुलिनचं पेन कायम ठेवा, मुदत तपासत. बेसलचे सगळे आकडे वहीत लिहा, दर बदलानंतर नव्याने. पंप बंद पडला की ते पंपातच अडकतात. बंद पडल्यास २४ तासांचं बेसल, तिच्या बाबतीत सुमारे १० युनिट, ग्लार्जिन म्हणून एकदम द्यायचं आणि जेवणाचे डोस पेनने. ग्लार्जिनचा अंमल चढायला दोन-तीन तास लागतात, तोवर जलद इन्सुलिनचा आधार लागेल. नवा पंप आला तरी ते ग्लार्जिन उतरेपर्यंत बेसल पूर्ण सुरू करू नका.

सुरुवातीचा दिवस परीक्षा, लग्नकार्य आणि दिवाळीपासून दूरचा निवडा, शक्यतो सोमवार-मंगळवारची सकाळ, म्हणजे आठवडाभर डॉक्टर आणि प्रशिक्षक फोनवर मिळतील. आदल्या रात्रीचं ग्लार्जिन बंद की निम्मं, ते डॉक्टर सांगतील. पहिल्या रात्री १२, ३ आणि ६ वाजता बोटातून साखर पाहा, सेन्सर असला तरी. बेसल बदलायचं तर एका वेळी एकाच टप्प्याचं, १० ते २० टक्क्यांनी, आणि साखर जिथे बिघडते त्याच्या दोन तास आधीपासून. मग दोन रात्री थांबून पुढचा बदल.